प्रश्नफलकाची मागची बाजू



शाळेत विज्ञान-प्रदर्शन भरले, की ज्वालामुखी आणि पवनचक्कीच्या शेजारी एक फलक हटकून उभा असतो. डाव्या बाजूला दहा प्रश्न, उजव्या बाजूला दहा उत्तरे, प्रत्येकापुढे एकेक पितळी स्क्रू आणि वर एक छोटा दिवा. खाली दोन तारा लोंबत असतात. एकीचे टोक प्रश्नाच्या स्क्रूला टेकवायचे, दुसरीचे आपल्याला बरोबर वाटणाऱ्या उत्तराच्या स्क्रूला. उत्तर जुळले की दिवा लागतो. सरपंच, केंद्रप्रमुख, पालक, सगळे एकेकदा तारा टेकवून पाहतात, दिवा लागला की हसतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. फलक उलटा करून मागची बाजू पाहणारा माणूस क्वचितच भेटतो.

आजचे बोलणे त्या मागच्या बाजूविषयी आहे. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे तारांकडे पाहतानाही मला आधी माणसे दिसतात. आणि या साध्या फलकामागे दोनशे वर्षांतली बरीच माणसे उभी आहेत. त्यांतले निदान दोघे तर शाळामास्तरच होते.

आधी फलक चालतो कसा, ते सांगून टाकतो. विजेला फिरायला पुरी वाट लागते. सेलच्या एका टोकातून निघून, दिव्यातून जाऊन, सेलच्या दुसऱ्या टोकाला परत येणारी अखंड वाट. पाठ्यपुस्तके तिला परिपथ म्हणतात. रहाटाची माळ एका ठिकाणी तुटली तरी सगळी गाडगी थांबतात ना, तसेच इथे. फलकावर ही वाट मुद्दाम तोडून ठेवलेली असते, आणि तिची दोन तुटकी टोके म्हणजेच त्या लोंबणाऱ्या दोन तारा. फलकाच्या मागे प्रत्येक प्रश्नाच्या स्क्रूपासून त्याच्या खऱ्या उत्तराच्या स्क्रूपर्यंत एकेक तार नेलेली असते. जोडी बरोबर लागली, की मागची तार त्या तुटक्या जागेत बसते आणि वाट पुरी होते.

म्हणजे काय? फलकाला उत्तर ठाऊक नसते! महाराष्ट्राची उपराजधानी कोणती, या प्रश्नापासून नागपूरपर्यंत कोणीतरी आधी तार नेलेली असते. ठाऊक असते ते त्याला. त्याने ती तार अमरावतीला नेली असती, तर फलकाने तितक्याच उत्साहाने अमरावतीला दिवा लावला असता. हे वाक्य कृपा करून ध्यानात ठेवा. आपल्याला पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

आता मागे जाऊ. १८०० सालच्या मार्च महिन्यात इटलीतल्या आलेस्सांद्रो व्होल्टा याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना एक लांबलचक पत्र लिहिले. चांदी नाहीतर तांब्याची चकती, तिच्यावर जस्ताची चकती, तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा चकती, पुन्हा चकती, पुन्हा पुठ्ठा. अशी थप्पी रचली, की तिच्या दोन टोकांतून वीज सतत वाहते, हे त्याने कळवले. त्याआधी वीज म्हणजे घर्षणाने उडणारी ठिणगी, क्षणात येणारी आणि क्षणात जाणारी. व्होल्टाच्या थप्पीने ती वाहती केली. वाहती झाली, म्हणून तिच्या वाटेचा प्रश्न निघाला.

तो प्रश्न नीट हाती घेतला एका मास्तराने. गेऑर्ग ओहम. बाप कुलपे करणारा कारागीर. पोराला लोखंड-पितळेचे काम घरातच आलेले. १८१७ पासून हा कोलोन शहरातल्या एका शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत होता. शाळेच्या प्रयोगशाळेत जे होते त्यावर, आणि जे नव्हते ते स्वतः करून, त्याने वेगवेगळ्या लांबीच्या आणि जाडीच्या तारा जोडून मापे घेतली. तार लांब केली की प्रवाह किती उणावतो, जाड केली की किती वाढतो, याचा हिशेब त्याने बांधला आणि १८२७ साली पुस्तक छापले. आज आठवी-नववीचे पोर जो ओहमचा नियम पाठ करते, तो हा. पण त्या वेळी जर्मनीत पुस्तकाची फारशी कदर झाली नाही आणि ओहमने नोकरीचा राजीनामा दिला. पुढे १८४१ साली रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले, आणि म्युनिकची प्राध्यापकी मिळाली ती १८५२ साली, मरणाआधी जेमतेम दोन वर्षे. शाळेत उपकरणे नाहीत म्हणून प्रयोग होत नाहीत, असे कोणी म्हटले की मला हा कुलूपवाल्याचा मुलगा आठवतो. अर्थात त्याने आपल्या शाळांचे उपकरणांचे कपाट भरत नाही, हेही खरेच.

विजेचा फलक प्रथम उभा राहिला तो मात्र शाळेत नव्हे, रेल्वेच्या रुळांशेजारी. १८३७ साली इंग्लंडमध्ये कुक आणि व्हीटस्टन या दोघांनी पाच सुयांचे तारयंत्र केले. शंकरपाळ्याच्या आकाराचा एक फलक. त्यावर वीस अक्षरे आडव्या-तिडव्या रेघांच्या छेदांवर मांडलेली. मध्यभागी एका ओळीत पाच सुया. पलीकडच्या स्थानकावरच्या माणसाने खटके दाबले, की पाचांपैकी दोन सुया तिरप्या होत आणि त्यांच्या रोखाने जाणाऱ्या रेघा जिथे एकमेकींना छेदतील ते अक्षर वाचायचे. सांकेतिक लिपी शिकायला नको. अक्षरओळख असलेला कोणीही निरोप वाचू शकावा, हीच त्यामागची कल्पना. इंग्रजीतली सहा अक्षरे मात्र फलकात मावली नाहीत, ती गाळून टाकली! आपल्याकडे तारायंत्राची पहिली वाट १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी घातली गेली. दूर कोठे तरी वाट जुळली की डोळ्यांसमोरच्या फलकावर खूण उमटते, ही आपल्या प्रश्नफलकाची मूळ युक्ती इथलीच.

पण ही युक्ती मुलांच्या हाती यायची, तर वीज खिशात मावायला हवी होती. फ्रान्सच्या लेक्लांशेचा १८६६ सालचा घट नवसागराच्या पाण्याचा होता. कलंडला की सांडायचा. जर्मनीच्या कार्ल गास्नरने १८८६ साली त्या पाण्याचा लगदा करून तो जस्ताच्या डब्यात कोंबला, आणि कोरडा घट तयार झाला. १८९९ साली अमेरिकेत हातात धरायच्या विजेरीचे पेटंट निघाले. आपल्या कित्येक खेड्यांत विजेचे खांब येण्याच्या कितीतरी आधी ही विजेरी येऊन पोचली होती. रात्री पाण्याच्या पाळीला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात ती असे, आणि तिचे सेल उतरले की ते पोरांच्या हाती पडत. खेड्यातल्या मुलाने उघडून पाहिलेली पहिली विजेची वस्तू बहुतेक वेळा हीच. दोन महायुद्धांच्या दरम्यान अमेरिकेत सेलवर चालणाऱ्या प्रश्नपेट्या खेळण्यांच्या दुकानांत विकायला आल्या. नॅप कंपनीची 'इलेक्ट्रिक क्वेश्चनर' ही त्यांतलीच. वर छापील कागद, आत ठरलेल्या तारा. आपल्या प्रदर्शनातला फलक म्हणजे या पेटीचा घरगुती भाऊ.

इथून या इतिहासाला दोन फाटे फुटतात. एक फलकाच्या पुढच्या बाजूने जातो, एक मागच्या.

पुढच्या बाजूचा फाटा असा. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात सिडनी प्रेसी नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. परीक्षांचे कागद तपासून मास्तरांचा जीव मेटाकुटीला येतो, हे त्यांनी पाहिले. १९२४ च्या सुमारास त्यांनी टाइपरायटरसारखे एक यंत्र केले आणि १९२६ साली त्यावर लेख लिहिला. यंत्राच्या खिडकीत एक प्रश्न दिसे, चार उत्तरांसाठी चार कळी असत. एका बेतात यंत्र नुसते गुण मोजी. दुसऱ्या बेतात बरोबर कळ दाबल्याखेरीज पुढचा प्रश्न येतच नसे. आणि ठरावीक उत्तरे बरोबर आली की एक गोळी बाहेर टाकण्याचीही सोय त्यांनी केली होती, चघळायची गोळी बरं का! यंत्राला गिऱ्हाईक फारसे मिळाले नाही. १९३२ साली प्रेसींनी खेदाने हे काम सोडत असल्याचे लिहिले.

मग हार्वर्डचे बी. एफ. स्किनर. १९५३ सालच्या नोव्हेंबरात ते आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन मागे बसले. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. ज्यांना येत होते त्यांना आणि ज्यांना येत नव्हते त्यांना एकाच चालीने चालावे लागत होते. आणि आपले उत्तर बरोबर की चूक, हे मुलांना लगेच कळत नव्हते. वर्षभरात त्यांनी आपले शिकवणारे यंत्र तयार करून दाखवले. त्यांचा एक आग्रह मला महत्त्वाचा वाटतो. चार उत्तरांतून एक निवडायला लावू नका, असे ते म्हणत. मुलाने उत्तर स्वतः रचले पाहिजे. स्किनरांची सगळी मते मला पटतात असे नाही. मुलाला इतक्या बारीक घासांनी भरवले तर त्याला चावायची सवय राहत नाही, असे मला वाटते. पण निवडणे आणि रचणे यांतला फरक त्यांनी बरोबर ओळखला होता.

कारण आपल्या फलकाचाच हिशेब करून बघा. दहा प्रश्न, दहा उत्तरे. एक तार पहिल्या प्रश्नाला टेकवून ठेवायची आणि दुसरी एकेका उत्तरावरून फिरवत न्यायची. फार तर दहाव्या वेळी दिवा लागणारच. ते उत्तर बाद करून दुसऱ्या प्रश्नाला फार तर नऊ वेळा, तिसऱ्याला आठ. सगळी बेरीज केली तर जास्तीत जास्त ५५ वेळा तार टेकवून पुरा फलक उजळता येतो, तोही एक अक्षर न वाचता. शिवाय दुसऱ्या दिवशी मुलांना उत्तरे आठवत नसतात, जागा आठवतात. तिसऱ्या स्क्रूला वरून सातवा, एवढे पुरे. तेव्हा फलकापुढे उभे राहून दिवे लावणाऱ्या मुलाला भूगोल आला, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

आता मागच्या बाजूचा फाटा. तो सुरू होतो दुसऱ्या मास्तरापासून. जॉर्ज बूल हा इंग्लंडातल्या लिंकन गावच्या एका जोडे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. विद्यापीठाचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही. सोळाव्या वर्षी तो शाळेत साहाय्यक शिक्षक झाला आणि एकोणिसाव्या वर्षी त्याने गावात स्वतःची शाळा काढली. पुढे आयर्लंडात प्राध्यापक असताना १८५४ साली त्याने जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात माणसाच्या विचाराला बीजगणिताची चिन्हे लावली होती. 'हे आणि ते', 'हे किंवा ते', 'हे नाही' : एवढ्या तीन शब्दांवर तर्काचा केवढा डोलारा उभा राहतो, हे त्याने दाखवले. तारांचा आणि बूलचा काही संबंध नव्हता. तो संबंध अमेरिकेच्या चार्ल्स पर्स या तत्त्वज्ञाने १८८६ साली आपल्या एका माजी विद्यार्थ्याला लिहिलेल्या पत्रात सुचवला, आणि ते पत्र कागदपत्रांत पडून राहिले. पुढे १९३७ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविज्ञान संस्थेत क्लॉड शॅनन या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तीच गोष्ट आपल्या प्रबंधात पुरेपूर मांडली. आज प्रत्येक संगणकाच्या आणि तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या पोटात जे चालते, त्याचा पाया तिथे पडला.

ऐकायला जड वाटेल, पण दोन खटक्यांत समजते. दोन खटके एकामागे एक, म्हणजे एकसर, जोडा. दोन्ही दाबले तरच दिवा लागेल. हे झाले 'आणि'. तेच दोन खटके शेजारी-शेजारी, म्हणजे समांतर, जोडा. कोणताही एक दाबला तरी दिवा लागेल. हे झाले 'किंवा'. झाले! १९५५ साली अमेरिकेत एडमंड बर्कली यांचा 'जेनियाक' नावाचा संच निघाला. छिद्रांच्या चकत्या, तारा, विजेरीचे दिवे आणि एक बॅटरी. एवढ्यावर मुलांनी तर्काची कोडी बांधायची. आपल्याकडे असला संच विकत आणायची गरज नाही. वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचे कोडे आपल्या प्रत्येक पोराला येते. होडीत एका वेळी मालक आणि एकच वस्तू; मालक जवळ नसताना वाघ शेळीला खाणार, शेळी गवताला खाणार. आता चौघांना चार खटके द्या, प्रत्येक खटक्याच्या दोन बाजू म्हणजे नदीचे दोन काठ, आणि धोका झाला की तांबडा दिवा लागावा असे ठरवा. धोका केव्हा? शेळी मालकापासून वेगळ्या काठावर, आणि वाघ शेळीच्या काठावर किंवा गवत शेळीच्या काठावर. वाक्यात जिथे 'आणि' आला तिथे एकसर जोड, जिथे 'किंवा' आला तिथे समांतर. ज्या मुलाने हे वाक्य नीट केले, त्याचा परिपथ अर्धा झाला. मराठीच्या तासाला उभयान्वयी अव्यये शिकवणाऱ्या बाईंनीही हे काम हाती घ्यायला हरकत नाही.

तर मूळ प्रश्न हा, की शाळेत मुलाला फलकाची कोणती बाजू मिळते? अनेकदा फलक पालक करून देतात, किंवा तालुक्याच्या दुकानातून तयार येतो. मूल पुढे उभे राहून तारा टेकवते. म्हणजे जे शिकायचे ते करणारा शिकून गेला, आणि मुलाच्या वाट्याला ५५ वेळा तार टेकवणे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात बेचिराख झालेल्या शाळांना प्रयोगशाळा नव्हत्या. त्यांच्या शिक्षकांसाठी युनेस्कोने १९४८ साली एक पुस्तिका काढली, डबे-बाटल्या-तारांतून उपकरणे कशी करावीत याची. तीच वाढवून १९५६ साली विज्ञान-शिक्षकांचे मोठे पुस्तक झाले आणि अनेक भाषांत गेले. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली असाच प्रयोग सुरू झाला, पुढे तो शेकडो शाळांत पसरला आणि २००२ साली बंद पडला. पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी २००३ नंतर दहा वर्षांहून अधिक काळ टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. या सगळ्यांनी साहित्य मुलाच्याच हाती दिले.

म्हणून शिक्षकमित्रांना सुचवावेसे वाटते, की एक फलक करण्याऐवजी दोन गट करा. प्रत्येक गटाने आपला फलक बांधायचा, प्रश्नही स्वतः काढायचे, आणि दुसऱ्या गटाचा फलक सोडवायचा. सोडवून झाला, की तो उलटा करून तपासायचा. उत्तर चुकीचे जोडले असेल तर ते तिथे सापडेल आणि त्यावरून जे भांडण होईल ते मौलिक असेल! कागद पालटता येईल असा ठेवा, आणि मागच्या तारा सोडवून पुन्हा जोडता येतील अशा, म्हणजे जागा पाठ होणार नाहीत.

साहित्याविषयी थोडे. विजेरीचे दोन सेल, म्हणजे तीन व्होल्ट. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला या कामात हातही लावायचा नाही. हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावून सांगा. तांब्याच्या तारेवर लाखेचा थर असेल तर टोके पॉलिश-कागदाने घासून घ्या, नाहीतर सगळे बरोबर असून दिवा लागत नाही. उघड्या तारा एकमेकींवरून नेऊ नका. जिथे टेकतील तिथे खोटी उत्तरे तयार होतात. विजेरीचा जुना बल्ब सुमारे ०.३ अँपिअर प्रवाह खातो. त्याऐवजी तांबडा एलईडी लावला तर ०.०१ अँपिअरवर भागते, म्हणजे सेल कितीतरी पटींनी टिकतात. हा तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली प्रथम करून दाखवला. तो एकाच दिशेने वीज जाऊ देतो, म्हणून लागला नाही तर उलटा करून पाहा. आणि त्याच्याबरोबर १०० ओहमचा एक रेझिस्टर एकसर जोडा. शंभरच का? सेलचे तीन व्होल्ट, एलईडी सुमारे दोन घेतो, उरला एक. एक भागिले ०.०१ म्हणजे १००. ओहममास्तरांचा नियम पाठ करण्याऐवजी इथे वापरता येतो.

शेवटी एक अडचण सांगतो. ती मुलांनाच सापडू द्या. दोन प्रश्नांचे उत्तर एकच असेल तर काय होते? कृष्णा कोठे उगम पावते? महाबळेश्वर. कोयना कोठे उगम पावते? महाबळेश्वर. दोन्ही प्रश्नांच्या तारा एकाच स्क्रूला आल्या. आता एखाद्या खोडकर पोराने एक तार कृष्णेला आणि दुसरी कोयनेला टेकवली, की वीज महाबळेश्वरावरून फिरून जाते आणि दिवा लागतो. फलकाच्या मते कृष्णेचे उत्तर कोयना! ही चोरवाट बंद करायची, तर प्रत्येक प्रश्नाच्या तारेत एकेक डायोड घाला. डायोड वीज पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. तो स्वतः सुमारे ०.७ व्होल्ट घेतो, म्हणून सेल दोनाऐवजी तीन लागतील आणि रेझिस्टर १८० ओहमचा. डायोडच्या अंगावर एका टोकाशी पट्टा असतो. तो उत्तराच्या बाजूला ठेवायचा, आणि सेलच्या धन टोकाकडून येणारी तार प्रश्नासाठी वापरायची.